उत्पलाचा ठसा

आमच्या उत्पलाच्या मुलीला, यशोधराला, पहिल्यांदा अंगणवाडीत नेऊन बसवलं ते साल दोन हजार एकेचाळीस. पोरीनं दारातच भोकाड पसरलं. उत्पलानं तिला बाईंच्या हवाली केलं आणि मागे वळून न पाहता चालू लागली. मला वाटलं, घरी चाललो आहोत. ती थांबली अकोल्याच्या आमच्या जुन्या बॉक्सिंग हॉलच्या फाटकाशी.

“मामा, किल्ली हाये ना तुमच्यापाशी?”

“मले रिटायर होऊन धा वर्षं झाली. माझ्यापाशी कायची किल्ली?”

“कमरेले हाये तुमच्या. मले सांगता का?”

किल्ली होतीच. मी दौलत तेलगोटे, त्या हॉलचा चौकीदार. उत्पला माझ्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांची होती तेव्हा मीच तिला बोटाला धरून तिथं नेलं होतं. पुढं ती तीन वेळा राष्ट्रीय विजेती झाली, एकदा आशियाई. तिच्या प्रत्येक लढतीत कोपऱ्यात स्टूल ठेवायला आणि पाणी द्यायला मी असायचो. चौतीस साली तिचा गुडघा निकामी झाला. मग ऑपरेशन, मग लग्न, मग यशोधरा. सात वर्षं तिनं हातात ग्लोव्हज घातले नव्हते.

त्या दिवशी तिनं बॅगेवर दहा-बारा ठोसे टाकले. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून वसीम धावत आला. वसीम पटेल म्हणजे हॉलचा आत्ताचा कोच. उत्पलाबरोबरच खेळून मोठा झालेला.

“मामू, हात तं तसाच हाये हिचा!” तो म्हणाला.

तो तसाच असणार होता. ताकद सगळ्यांत शेवटी जाते, हे मी त्या हॉलमध्ये तीस वर्षं पाहिलं आहे. दम आधी जातो, पण तो सहा महिन्यांत परतही येतो. जे जातं आणि येत नाही ते निराळं असतं. ते आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. वसीमनं तिला सतरा वर्षांच्या एका मुलीसमोर उभं केलं. एका राउंडमध्ये त्या मुलीनं तिच्या तोंडावर नऊ ठोसे मारले. उत्पला बाहेर आली ती दातांवर रक्त आणि तोंडावर हसू घेऊन.

“मामा, मले तिचे हात दिसतात. पण आल्यावर दिसतात.”

यातली गोम पुढं पुण्याच्या डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितली. एका सेकंदाचे हजार भाग करा. चांगल्या बॉक्सरचा सरळ ठोसा खांद्यापासून समोरच्याच्या तोंडापर्यंत सव्वाशे भागांत पोचतो. तो डोळ्यानं पाहून, मेंदूला कळून, मान हलायला दोनशे भाग लागतात. म्हणजे ठोसा निघालेला पाहून चुकवणं कोणाही माणसाला शक्य नाही. मग चुकवतात कसे? तर मेंदूचा मागचा लहान भाग ठोसा निघण्याआधीच अंदाज बांधतो. समोरच्याचा खांदा किंचित खाली जातो, कंबर फिरते, श्वास अडतो, त्यावरून. हा अंदाज हजारो तासांच्या खेळातून घडतो आणि खेळ सुटला की विरतो. आणखी एक वाईट गोष्ट अशी की तो आपल्या जुन्या शरीराच्या मापानं घडलेला असतो. शरीर बदलतं, माप तेच राहतं.

डॉक्टरबाईंना एक गोष्ट माहीत नव्हती. ती मला आणि उत्पलालाच माहीत होती.

तरुणपणी मी कापसाच्या बैलगाड्या जिनिंगवर नेत असे. बैलाला इशारा द्यायला जीभ टाळ्याला लावून टक्‌ असा आवाज करतात. उत्पला बारा-तेरा वर्षांची असताना आम्ही खेळ म्हणून सुरू केलं. ती रिंगमध्ये, मी कोपऱ्यात. कोपऱ्यातून मला समोरच्या मुलीच्या मागच्या पायाची टाच दिसे, जी उत्पलाला दिसत नसे. उजवा हात यायचा असला की आधी ती टाच उचलते, कधी छातीत श्वास भरतो. ते दिसलं की मी टक्‌ करी. एक टक्‌ म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा. कानाची वाट डोळ्याच्या वाटेपेक्षा जवळची असते, कानावर आलेल्या आवाजाला शरीर दीडशे भागांतच हलतं. दहा हजार माणसांच्या गलक्यातही तो आवाज तिला बरोबर सापडे. पंचांना वाटे, म्हातारा सुपारी चघळतो आहे. लढत चालू असताना कोपऱ्यानं सूचना देणं नियमात बसत नाही. सापडलं असतं तर पदकं गेली असती. आम्ही ते कधी कोणाला सांगितलं नाही, वसीमलासुद्धा नाही.

तर त्या वर्षी मी पुन्हा टक्‌ सुरू केलं. पण उत्पला हलेना. आणि हळूहळू काही वेगळंच दिसायला लागलं. पूर्वी ती हात खाली सोडून नाचायची, ठोसा नाकासमोरून जाऊ द्यायची आणि मग मारायची. पाहायला लोक तिकिटं काढत. आता ती हात वर धरून, कोपरं आवळून चालायला लागली. ठोसा चुकवायचाच नाही, हातावर झेलायचा. एक पाऊल आत घुसायचं, समोरचीला बिलगायचं, बरगडीखाली दोन आखूड फटके द्यायचे आणि बाहेर. पाहायला काही मजा नव्हती. पण तिला लागत नव्हतं.

“ही दुसरीच बॉक्सर हाये, मामू,” वसीम म्हणाला. “पयलीपेक्षा शहाणी.”

एके दिवशी सराव अर्ध्यात थांबवून ती माझ्याकडे आली.

“मामा, टक्‌ नका करू.”

“कावून?”

“मी गोंधळते. मले माझं पाहू द्या.”

एवढंच म्हणाली आणि परत गेली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. मी बादली उचलून बाहेर आलो आणि नळाखाली नुसती धरून उभा राहिलो. भरून वाहून गेली तरी उभा होतो.

बेचाळीसच्या जानेवारीत राज्य स्पर्धेत ती अंतिम लढत खेळली आणि तीन विरुद्ध दोन पंचांनी हरली. सात वर्षांनी परत आलेल्या, एका लेकराच्या आईनं तिथवर जाणं ही केवढी गोष्ट होती! वसीमनं तर पेढे आणले. पण घरी येताना उत्पला गाडीत बोलली, “एकदा तरी यशूनं मले जिंकताना पाहावं. तिले वाटते मी नुसती घामट होऊन येते.” मी ते वाक्य धरून ठेवलं.

पुढच्याच महिन्यात डॉ. शर्वरी आगटे यांचा फोन आला. मघाशी सांगितल्या त्या डॉक्टरबाई याच, पुण्याच्या एका मज्जाविज्ञान प्रयोगशाळेच्या प्रमुख. उत्पलाच्या भरात त्यांनीच देशातल्या वीस खेळाडूंच्या डोक्याला लढतीच्या वेळी शिरस्त्राणाच्या आत एक पातळ जाळी लावली होती. कोणत्या क्षणी मेंदूचा कोणता भाग जागा झाला, हे ती जाळी नोंदवत असे. त्या नोंदीला त्या ठसा म्हणत. आता त्यांनी नवं यंत्र केलं होतं. माणूस गाढ झोपला की कानाला ऐकू न येणाऱ्या बारीक ध्वनिलहरी कवटीतून आत सोडायच्या, आणि जुन्या ठशात जे भाग ज्या क्रमानं जागे झाले होते ते त्याच क्रमानं पुन्हा जागे करायचे. चाळीस वेळा केलं की विरलेली वाट परत मळते. कागदोपत्री त्याचं नाव मोठं होतं. आम्ही त्याला उजळणी म्हणायला लागलो.

“उत्पलाताईंचा ठसा आमच्याकडचा सगळ्यात मौल्यवान ठसा आहे,” आगटे मॅडम म्हणाल्या. “बाकी सगळ्यांपेक्षा त्यांचा मेंदू नव्वद भाग आधी जागा होतो. नव्वद! हे कसं, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. देणगीच म्हणायची.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. माझ्या जिभेला कोणी देणगी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

उत्पलाचं मन होत नव्हतं. तिचा नवरा संघपाल खंडारे बस डेपोत मेकॅनिक. तो तर सरळ नाही म्हणाला.

“मामा, ती आता नीट खेळून राहिली. मार खाऊन येत नाई. कायले पाह्यजे ते जुनं?”

“तुले बॅटरी अन्‌ टायर समजते, तेवढंच पाह्य.”

“अन्‌ तुमाले काय समजते?”

“मले तिचा खेळ समजते. तू तिले जिंकताना पाह्यलं हाये का? कधी? मी पाह्यलं.”

त्यानं खरंच पाहिलं नव्हतं, त्यांचं लग्न नंतरचं. मी उत्पलाकडे वळलो. “यशूले पाहू दे ना बाई. ती उत्पला पाहू दे, जे मी पाह्यली.”

पुण्याला गेलो तेव्हा एक लांबलचक अर्ज भरायचा होता. उत्पला यशोधराला घेऊन बाहेर झोक्यावर होती. साक्षीदार म्हणून मी भरायला घेतला. अक्षरं मला तिनंच शिकवलेली, ती नऊ वर्षांची आणि मी सत्तेचाळीसचा असताना, लढतीच्या तक्त्यावरची नावं वाचून. त्यामुळे मला वेळ लागतो, पण सुटत काही नाही. अकरावा प्रश्न असा होता: लढतीच्या वेळी खेळाडूस बाहेरून कोणतीही खूण, आवाज अथवा सूचना मिळत होती काय?

मी लिहिलं, नाही.

उत्पला आली. सही करण्याआधी तिनं सगळा अर्ज वाचला. अकराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिनं सही केली.

चाळीस दुपारी ती त्या थंड खोलीत झोपली. मी यशोधराला सांभाळत बाहेर बसे. मग चाचणीचा दिवस आला. चाचणीला माणूस नव्हता, हवेच्या दाबावर चालणारा एक लोखंडी हात होता, पुढं ग्लोव्ह बसवलेला. कधी उजवीकडून, कधी डावीकडून, केव्हा येईल याचा नेम नाही. उत्पला समोर उभी राहिली आणि तिचे हात आपोआप खाली गेले. मला चौतीस सालाआधीची उत्पला दिसली. मी जीभ टाळ्याला लावली.

पण मी आवाज करण्याआधीच ती हलली. ठोसा नाकासमोरून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तीसपैकी तीस. तंत्रज्ञ मुलं टाळ्या वाजवायला लागली. आगटे मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मात्र कान देऊन ऐकत होतो. लोखंडी हात सुटण्याआधी आत हवेची झडप उघडत होती. उजवीकडची एक, डावीकडच्या दोन.

टक्‌. टक्‌ टक्‌.

बारीक आवाज. तिथं रोज काम करणाऱ्यांना तो ऐकू येणंच बंद झालं असावं, घरातल्या घड्याळासारखं. उत्पलानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं आणि मला कळलं हेही तिला कळलं होतं.

तेवढ्यात प्रेरणा पुढं आली. प्रेरणा जगदाळे, बार्शीची, तेव्हा जेमतेम सतरा-अठराची. प्रयोगशाळेनं नव्यानं निवडलेल्या मुलींपैकी एक. ती चाचणी पाहायला सकाळपासून दाराशी उभी होती.

“ताई, एक विचारू का? हसू नका हां.”

“विचार की.”

“तुम्हाला ठोसा आधीच कसा काय दिसतो ओ? मी रोज आरशासमोर करते, मला तर माझाच दिसत नाही!”

सगळे हसले. उत्पला हसली नाही. तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “नाही दिसत गं.” प्रेरणाला तो विनय वाटला. तिनं उत्पलाच्या पायाला हात लावला.

जिन्यात उत्पलानं मला अडवलं.

“ऐकलं ना?”

“ऐकलं.”

“ते यंत्र नाई जिंकलं मामा, तुमची टक्‌ जिंकली. माझं स्वतःचं पाहणं होतं ना, जे मी वर्षभर शिकली, ते कुठी गेलं? मी शोधून राहिली, सापडत नाई. मॅडमले सांगू का?”

“सांगशीन तं काय होईन माहीत हाये? चारही पदकं जातीन.”

“जाऊ द्या.”

“तू म्हणतं जाऊ द्या. त्या पदकात अर्धा मी हाये, बाई. मायं नाव कोणत्या कागदावर हाये सांग बरं? कोण्या फोटोत हाये? रिंगमध्ये मी हाये ना तुयासंगं. मी टक्‌ करतो, तू हल. पयल्यासारखं. कोणाले काय कळते?”

ती कठडा धरून दोन पायऱ्या उतरली. मग म्हणाली, “बरं.”

नोव्हेंबरच्या अखेरीस नागपूरला राष्ट्रीय संघाच्या निवडीची लढत होती. तिथवर सगळं छान चाललं. हॉलमधल्या मुलींसमोर मी टक्‌ करी आणि उत्पला वाऱ्यासारखी हले. वसीम बुचकळ्यात पडला होता. “मामू, जुनी परत आली,” तो म्हणाला, पण खूश दिसला नाही. मला तो खूश का नाही हे कळलं नाही. हॉलमधल्या मुली नवशिक्या होत्या, त्यांची टाच आधीच अर्धा इंच उचललेली असायची, हे मी ध्यानात घेतलं नाही. माझं वय सत्तर पूर्ण होऊन एकाहत्तरावं लागलं होतं, हेही नाही.

समोर हरियाणाची रितिका डांगी होती, वीस वर्षांची. लढत दुपारी तीनची. पहिल्या रांगेत संघपाल यशोधराला मांडीवर घेऊन बसला होता.

घंटा झाली. उत्पलानं हात खाली सोडले. लोकांनी जुनी उत्पला ओळखली आणि एकच गलका झाला. डांगीची टाच मला दिसली. मी टक्‌ केलं.

माझा आवाज पोचला तेव्हा डांगीचा उजवा हात उत्पलाच्या गालावर पोचलेला होता. मग, ठशात होतं तसं, उत्पला डावीकडे झुकली. तिथं डांगीचा दुसरा हात येत होता.

मला वाटलं, एखादा चुकला. पुढचाही तसाच गेला. त्याच्या पुढचाही. माझी नजर टाच पाहत होती, पण पाहिलेलं जिभेपर्यंत यायला उशीर होत होता. फार नाही. हजारातले साठ-सत्तर भाग. पापणी लवायलासुद्धा यापेक्षा जास्त लागतं. पण टक्‌ न केलं असतं तर तिला एक ठोसा लागला असता. मी केल्यानं दोन लागत होते.

राउंड संपला. मी स्टूल ठेवलं. तिच्या डाव्या डोळ्याखाली फाटलं होतं.

“मामा, उशीर होऊन राहिला.”

“पुढच्या राउंडले मी लवकर...”

“नका करू. बिलकुल नका करू. मी पाहते मायं.”

“काय नका करू?” वसीम पट्टी दाबत म्हणाला. “कायचा उशीर?” मी स्टूल उचलून खाली उतरलो.

दुसऱ्या राउंडमध्ये मी ओठ मिटून बसलो. आणि मी जे पाहिलं ते कोणी पाहू नये. उत्पला रिंगच्या मधोमध उभी होती. हात वर न्यायचा ती प्रयत्न करत होती, ते वर जात आणि आपोआप खाली येत. डोळे उघडे, डांगीवर लावलेले. ठोसे येत होते, ती त्यांच्याकडे पाहत होती आणि हलत नव्हती. तिचं शरीर वाट पाहत होतं. चाळीस दुपारी त्याला पुन्हा पुन्हा शिकवलं होतं की आवाज आल्यावर हलायचं.

मला राहवलं नाही. मी टक्‌ केलं.

ती झुकली, आणि डांगीचा हात खालून येऊन तिच्या जबड्यावर बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. वसीमनं टॉवेल फेकला. पहिल्या रांगेत यशोधरा टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं आईनं उडी मारली.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. सहा आठवडे दात तारांनी बांधून ठेवले. उत्पला यशोधराच्या पाटीवर लिहून बोले. माझ्याशी काही लिहीत नसे. मी पेजेचा डबा नेई, ठेवी, बसे. संघपाल एकदा म्हणाला, “मामा, डबा ठेवत जा अन्‌ जात जा.” तरी मी बसे.

शेजारपाजारच्या बाया भेटायला येत. तिचं तोंड पाहून कोणी हळहळून च्‌ च्‌ करी, आणि उत्पलाची मान झटक्यानं बाजूला जाई, तारांत बांधलेल्या जबड्यासकट. मग वेदनेनं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहे. संघपालला कारण कळत नव्हतं. बायांनी तिला काही बाधा झाली असं ठरवलं. मी खाली मान घालून बसे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आगटे मॅडमचा फोन आला. उत्पलाच्या तब्येतीची चौकशी केली, आणि फोन मोठ्या आवाजात लावलेला होता म्हणून पुढचं उत्पलानंही ऐकलं. मॅडम म्हणाल्या, ठशात दोष नव्हता, शरीराचं वय झालं होतं, म्हणून जमलं नाही. आता तोच ठसा तरुण शरीराला देणार. प्रेरणाला. तिच्या दुपारी सुरूही झाल्या.

उत्पलानं पाटी ओढली. इतकी जोरात लिहायला लागली की पेन्सिल मोडली. मी वाचलं: मॅडमला सांगा. सगळं. आजच.

“पदकं...” मी म्हणालो.

तिनं पुसलं आणि लिहिलं: जाऊ द्या. ती पोरगी उभी राहील. माझ्यासारखी. तिच्या कोपऱ्यात तुम्ही पण नाही.

मग आणखी खाली बारीक लिहिलं: सही माझी आहे. पण नाही तुम्ही लिहिलं. तुम्हीच सांगा.

मी म्हणालो, “सांगतो.” उठलो, बाहेर आलो, हॉलपर्यंत चालत गेलो. दारातून आत गेलं की समोर लाकडी फळा आहे, विजेत्यांचा. उत्पलाचं नाव त्यावर चार वेळा आहे. ते रंगवणाऱ्या पेंटरला मी चारही वेळा चहा पाजला होता आणि प्रत्येक अक्षर होईपर्यंत शिडी धरून उभा होतो. मी तिथं अर्धा तास होतो. मग परत आलो.

“सांगितलं,” मी म्हणालो.

तिनं लिहिलं: काय म्हणाल्या?

“म्हणाल्या, बरं झालं सांगितलं. थांबवतो म्हणाल्या.”

उत्पलानं पाटी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. लढतीनंतर पहिल्यांदा ती माझ्यासमोर झोपली. नंतर कधी तिनं विषय काढला नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. बाराव्या वर्षापासून माझ्या आवाजावर मान हलवत आलेली पोरगी ती.

मी सांगणारच नव्हतो असं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणत होतो. यंत्रावर ती पोरगी चुकली तर मॅडम आपणच थांबवतील, अशीही मनाची समजूत घालत होतो, झडपेचा आवाज माहीत असूनसुद्धा. जानेवारीच्या सुरुवातीला मी एकदा फोन लावला. मॅडमनी लगेच उचलला.

“काका! बरं झालं फोन केलात. प्रेरणा यंत्रावर तीसपैकी तीस करते आहे. उत्पलाताईंना सांगा, त्यांचा ठसा जिवंत आहे.”

“हो,” मी म्हणालो.

“काही काम होतं का?”

“नाही. सहज. तब्येत बरी ना तुमची?”

आणि ठेवला.

वीस जानेवारीला वसीम सकाळी उत्पलाच्या घरी आला. मी तिथंच होतो. उत्पलाच्या तारा निघून आठवडा झाला होता, ती हळूहळू बोलायला लागली होती. वसीमच्या हातात फोन होता. पुण्यात प्रेरणाची माणसासमोरची पहिली सरावाची लढत होती, असं तो म्हणाला. तिच्याच वजनाची, तिच्याच खोलीत राहणारी मैत्रीण समोर होती. प्रेरणा हात खाली सोडून, डोळे उघडे ठेवून नुसती उभी राहिली. मैत्रिणीला वाटलं, ही थट्टा करते आहे, नवी विद्या दाखवते आहे. तिनं पूर्ण ताकदीनं मारलं. प्रेरणाचं डोकं मागं रिंगच्या कडेच्या लोखंडावर आपटलं.

उत्पलानं माझ्याकडे पाहिलं.

“मामा,” ती म्हणाली. जबडा अजून नीट उघडत नव्हता. “तुम्ही सांगितलं होतं ना?”

वसीम एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. संघपालनं यशोधराला उचललं आणि आत नेलं.

“ना?” तिनं पुन्हा विचारलं.

मी त्याच दिवशी पुण्याला गेलो आणि आगटे मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि मला पाणीसुद्धा विचारलं नाही. उजळणी बंद झाली. उत्पलाची पदकं संघटनेनं परत घेतली, तिनं ती स्वतः पोस्टानं पाठवली. फळ्यावरच्या चार ओळींवर आता पांढरा रंग आहे. हॉलची किल्ली वसीमनं मागून घेतली. उत्पला मुलींना शिकवते, हात वर धरायला आणि कोपरं आवळायला, असं मी लोकांकडून ऐकतो. तिच्या घरी मी जात नाही, म्हणजे मला येऊ देत नाहीत.

बार्शीला मी एकदा गेलो होतो. त्या मुलीच्या वडिलांनी मला ओळखलं नाही. उत्पलाताईंचे मामा, एवढं सांगितल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, तुमच्या ताईंचा तिला फार लळा होता. त्यांना प्रयोगशाळेनं काय कळवलं होतं मला माहीत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन उठले आणि मी बसलो होतो ती खुर्ची आत घेऊन गेले.

प्रेरणा बाळासाहेब जगदाळे, राहणार बार्शी, वय अठरा वर्षे पाच महिने, पुण्याच्या इस्पितळात एकोणीस जानेवारी दोन हजार त्रेचाळीस रोजी दुपारी सव्वाचार वाजता वारली.